चाहत्यांनी घडविलेला सांघिक खेळ : काउंटर-स्ट्राइक आणि रायगड किनाऱ्यावरील कबड्डी यांचा तौलनिक विचार

प्रस्तावना

रायगड जिल्ह्याच्या (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) किनारपट्टीवर उरण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या तालुक्यांत कबड्डी हा गावाच्या अभिमानाशी जोडलेला खेळ आहे. भातकापणी उरकली की मोकळ्या शेतात मैदान आखले जाते, ग्रामदैवताच्या किंवा मंडळाच्या नावाने संघ उतरतात आणि प्रकाशझोतात रात्री उशिरापर्यंत सामने चालतात. याच गावांतील तरुण आज मोबाइलवर चौघांचा गट करून नेमबाजीचे खेळही खेळतात. पहिल्या दृश्याला परंपरा आणि दुसऱ्याला व्यसन म्हणण्याची शिक्षणक्षेत्रात सर्वसाधारण प्रवृत्ती आहे. मात्र मोबाइलवरील या खेळांचे मूळ शोधू लागले असता ते एखाद्या कंपनीच्या कार्यालयात नव्हे, तर खेळाच्या चाहत्यांनी हौसेने केलेल्या फेरबदलांत सापडते. मूळ व्हिडिओ गेमच्या प्रणालीत चाहत्यांनी केलेल्या अशा फेरबदलास 'मॉड' म्हणतात. काउंटर-स्ट्राइक या मॉडच्या आकर्षणाची कारणमीमांसा करणे आणि कबड्डीच्या इतिहासाशी त्याची तुलना करून खेळाच्या नियमांवर अधिकार कोणाचा, या प्रश्नाचा विचार करणे, हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

मॉडची जडणघडण

नोव्हेंबर १९९८ मध्ये अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीने हाफ-लाइफ हा खेळ बाजारात आणला. तो प्रामुख्याने एकट्याने खेळावयाचा कथानकप्रधान खेळ होता. त्याची तांत्रिक प्रणालीसुद्धा सर्वस्वी नवी नव्हती. इड सॉफ्टवेअरच्या क्वेक या खेळाच्या प्रणालीत बदल करून ती तयार केली होती. कंपनीने फेरबदलासाठी लागणारी साधने खेळाडूंनाही उपलब्ध करून दिली. त्यांचा उपयोग करून कॅनडातील विद्यार्थी मिन्ह ले आणि अमेरिकेतील विद्यार्थी जेस क्लिफ यांनी जून १९९९ मध्ये काउंटर-स्ट्राइकची पहिली चाचणी आवृत्ती विनामूल्य प्रसृत केली. पुढील आवृत्त्या खेळाडूंच्या सूचनांनुसार एकामागून एक घडत गेल्या. खेळातील अनेक नकाशेदेखील चाहत्यांनीच रचले. सर्वाधिक प्रसिद्ध असलेला 'डस्ट' हा नकाशा डेव्हिड जॉन्स्टन या ब्रिटिश तरुणाची निर्मिती आहे. २००० साली व्हॉल्व्हने हा मॉड आपल्या छत्राखाली घेतला आणि त्याच वर्षी तो स्वतंत्र खेळ म्हणून विक्रीस आला.

आकर्षणाचे मर्म : 'गामिनी'चे तत्त्व

या खेळात दोन संघ असतात. स्पर्धांमध्ये प्रत्येक संघात पाच खेळाडू घेण्याची प्रथा रूढ झाली. एक संघ बॉम्ब पेरण्याचा प्रयत्न करतो आणि दुसरा तो रोखतो. डाव काही मिनिटांचाच असतो. तत्कालीन इतर नेमबाजीच्या खेळांत बाद झालेला खेळाडू क्षणार्धात पुन्हा अवतरत असे. काउंटर-स्ट्राइकमध्ये मात्र बाद झालेल्याला डाव संपेपर्यंत बाहेरच राहावे लागते. या एका नियमाने खेळाचे स्वरूप पालटले.

मराठी वाचकास हा नियम अपरिचित वाटण्याचे कारण नाही. कबड्डीचे नियम सर्वत्र एकसारखे होण्यापूर्वी तिचे तीन प्रकार प्रचलित होते. 'अमर' प्रकारात बाद झालेला खेळाडू मैदान सोडत नसे, केवळ गुण मोजला जाई. 'संजीवनी'त प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद गडी पुन्हा मैदानात येई. 'गामिनी'त मात्र बाद झालेला गडी आपला संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेर राही आणि सर्व प्रतिस्पर्ध्यांना बाद करणाऱ्या संघास एक गुण मिळे. जुन्या नेमबाजीच्या खेळांचे तत्त्व 'अमर'चे होते, तर काउंटर-स्ट्राइकचे तत्त्व जवळजवळ 'गामिनी'चे आहे. या दोहोंत काही ऐतिहासिक संबंध आहे, असे येथे सुचवावयाचे नाही. परस्परांशी संपर्क नसलेल्या खेळाडूंनी सांघिकतेच्या प्रश्नावर सारखेच उत्तर शोधले, एवढेच यावरून दिसते.

या उत्तराचे परिणामही सारखेच झाले. परत येण्याची सोय नसल्याने प्रत्येक गड्याचे मोल वाढते. एकट्याच्या शौर्यापेक्षा सहकाऱ्याची पाठराखण महत्त्वाची ठरते. चार सहकारी बाद झाल्यावर उरलेला एकटा खेळाडू डाव कसा सांभाळतो, हे पाहण्यात शेवटच्या चढाईइतकीच उत्कंठा असते. बाद झालेला खेळाडू त्या अवधीत प्रेक्षक होऊन सहकाऱ्याचा खेळ न्याहाळतो. मैदानाच्या कडेला बसलेल्या बाद गड्याप्रमाणे त्याचेही पाहणे हे एक प्रकारचे शिकणेच असते. याशिवाय प्रत्येक डावाच्या आरंभी मिळालेल्या पैशांतून शस्त्रे घ्यावी लागत असल्याने संघाला काटकसरीचा सामायिक हिशेब ठेवावा लागतो. नियम थोडे, परंतु त्यांतून निघणाऱ्या शक्यता अगणित, हे दोन्ही खेळांच्या आकर्षणाचे मर्म होय.

महाराष्ट्रातील परिस्थिती

काही संगणक केबलने जोडले की इंटरनेटशिवायही हा खेळ खेळता येई आणि त्यासाठी महागड्या यंत्राची आवश्यकता नसे. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली. त्यानंतर एमएस-सीआयटीच्या केंद्रांमुळे तालुक्याच्या गावीही संगणक पोहोचला आणि सायबर कॅफे व वसतिगृहे ही तरुणांची नवी खेळघरे बनली. याच काळात शिक्षणसंस्थांची चिंताही वाढली. मार्च २००७ मध्ये आयआयटी मुंबईने वसतिगृहांतील इंटरनेट रात्री ११ ते दुसऱ्या दिवशी दुपारी १२.३० पर्यंत बंद ठेवण्याचा निर्णय घेतला. खेळ व अन्य वापरात विद्यार्थ्यांच्या रात्री जातात आणि त्यांचा परस्परसंपर्क घटतो, असे त्यामागील कारण होते. झोप, अभ्यास आणि प्रकृती यांविषयीची ही चिंता निराधार म्हणता येणार नाही. तथापि, ज्याला एकलकोंडेपणा म्हटले गेले, त्याचा काही भाग शेजारच्या खोल्यांतील सहकाऱ्यांसह खेळलेल्या सांघिक खेळाचा होता, याची नोंद त्या चर्चेत अभावानेच घेतली गेली.

स्मार्टफोनच्या प्रसाराबरोबर खेळघर खिशात आले. पब्जी हा लोकप्रिय खेळही मॉडच्याच परंपरेतील आहे. आयर्लंडच्या ब्रेंडन ग्रीन यांनी आर्मा २ या खेळावर आधारित मॉड रचला होता आणि त्याच कल्पनेतून २०१७ मध्ये पब्जी आकारास आला. त्याची मोबाइल आवृत्ती २०१८ मध्ये आली.

नियमांची मालकी

येथून दोन्ही खेळांच्या इतिहासातील भेद स्पष्ट होतो. वॉरक्राफ्ट ३ या खेळावर चाहत्यांनी २००३ पासून डोटा हा मॉड घडविला. पुढे त्याच्या नावावरून व्हॉल्व्ह आणि ब्लिझर्ड या कंपन्यांत वाद झाला व तो २०१२ मध्ये तडजोडीने मिटला. २०२० साली वॉरक्राफ्टची नवी आवृत्ती काढताना ब्लिझर्डने खेळाडूंनी रचलेल्या खेळप्रकारांवर कंपनीचाच मालकी हक्क राहील, अशी अट घातली. डोटाचा उत्तराधिकारी असलेल्या डोटा २ मध्ये भारतीय संघाने २०२२ मध्ये बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. चाहत्यांच्या निर्मितीला आंतरराष्ट्रीय प्रतिष्ठा लाभली, पण पुढचा डोटा चाहत्यांनी घडविण्याची वाट मात्र अरुंद झाली.

कबड्डीचाही प्रवास एका अर्थी असाच आहे. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला, १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत पदकाचा खेळ म्हणून कबड्डीचा समावेश झाला आणि २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली. या प्रवासात मान्यता 'संजीवनी'च्या तत्त्वाला मिळाली आणि 'गामिनी' व 'अमर' मागे पडले. मातीची जागा मॅटने घेतली. दूरचित्रवाणीवरील सामन्याला गती यावी म्हणून तिसऱ्या चढाईत गुण मिळविण्याची सक्ती आली. तरीही गावातील मुलांनी दहा पावलांचे मैदान आखून पाच-पाच गड्यांनी खेळायचे ठरविले, तर त्यांना कोणाची अनुमती घ्यावी लागत नाही.

पब्जीचा अनुभव याच्या उलट आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली. २०२१ मध्ये तो बीजीएमआय या नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा दिसेनासा झाला आणि मे २०२३ मध्ये परत आला. बंदीच्या गुणदोषांची चर्चा येथे अभिप्रेत नाही. खेळ चालू राहणे, बंद होणे किंवा बदलणे यांपैकी कशातही खेळाडूचा शब्द नव्हता, ही बाब मात्र महत्त्वाची आहे. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंगविषयक केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. खेळाडूला जुगारापासून संरक्षण देणे आवश्यकच होते, परंतु त्याच्या निर्मितीच्या अधिकाराचा प्रश्न अद्याप शिल्लक आहे.

समारोप

चाहत्यांनी घडविलेल्या सांघिक खेळाचे आकर्षण केवळ हिंसेच्या चित्रणात किंवा तंत्रज्ञानाच्या नवलाईत शोधणे अपुरे ठरते. आपल्यासारख्याच खेळणाऱ्यांनी नियम घडविले आहेत आणि ते आपल्यालाही बदलता येतील, ही जाणीव त्याच्या मुळाशी आहे. हीच जाणीव रायगडच्या शेतात आखलेल्या मैदानातही होती. आजचा विद्यार्थी पडद्यावर जे खेळतो, त्यात तो घडविणारा कमी आणि ग्राहक अधिक उरला आहे, आणि खेळात घालविलेल्या तासांइतकीच हीदेखील चिंतेची बाब होय. महाविद्यालयांनी खेळावर निर्बंध घालण्याचा विचार करताना विद्यार्थ्यांच्या हाती खेळ घडविण्याची साधने देण्याचाही विचार करणे अगत्याचे आहे. संगणकशास्त्र आणि शारीरिक शिक्षण या विभागांनी एकत्र येऊन 'गामिनी'सारख्या विस्मृतीत गेलेल्या प्रकारांची नोंद केली, ते मैदानात व पडद्यावर पुन्हा उभे केले, तर या दोन परंपरांतील अंतर काही अंशी तरी कमी होऊ शकेल.