जुन्या तंबोऱ्याची पारख



कामगार चळवळीतल्या माणसाला वसंत व्याख्यानमालेत उभे केले की तो संप, पगार आणि बोनस यांवर बोलणार, अशी अपेक्षा असते. आम्ही आज विषय घेतला आहे जुन्या वाद्याच्या पारखीचा. पण ह्यात विषयांतर नाही. जुने वाद्य ओळखायचे म्हणजे ते केव्हा, कशातून आणि कोणाच्या हातांनी घडले हे ओळखायचे. आणि हातांची गोष्ट निघाली की तो आमचाच प्रांत आहे.

यवतमाळकरांना पारख म्हणजे काय हे नव्याने सांगायला नको. बोंडातला कापूस दोन बोटांत ओढून धाग्याची लांबी सांगणारी माणसे ह्या जिल्ह्यात गावोगाव आहेत. तरीही ग्रेडरच्या टेबलापुढे उभे राहिल्यावर शेतकऱ्याचे ज्ञान कामास येत नाही, कारण प्रत ठरवण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती असतो. ज्याच्या हाती पारख त्याच्या हाती भाव, हा बाजाराचा नियम आहे. जुन्या वाद्यांच्या बाजारातही तोच चालतो. म्हणून ही पारख घरातल्या माणसाला आली पाहिजे, एवढेच आज आम्हाला सांगायचे आहे.

प्रथम एक परदेशातली हकीकत घेऊ. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कॅलामझू गावी गिब्सन कंपनीचा गिटारींचा कारखाना होता. १९५४ साली त्या कारखान्याने 'जे-१६०-ई' नावाची एक गिटार काढली. ती दिसायला साधी लाकडी गिटार. पण तारांचे कंपन विजेच्या लहरींत बदलणारे एक यंत्र तिच्यात बसवलेले, म्हणजे ध्वनिवर्धकाला जोडली की मोठ्या सभागृहात ऐकू जावी. १९६२ साली इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या जॉन लेनन आणि जॉर्ज हॅरिसन ह्या दोन तरुणांनी अशा दोन गिटारी घेतल्या. हेच पुढचे जगप्रसिद्ध 'बीटल्स'. लेननची गिटार १९६३ च्या अखेरीस नाहीशी झाली. त्याच दशकाच्या शेवटी अमेरिकेत एका माणसाने ती १७५ डॉलरना जुनी वस्तू म्हणून घेतली आणि कित्येक वर्षे वाजवली. ती कोणाची, हे त्याला ठाऊक नव्हते. पुढे तिच्यावरचा अनुक्रमांक आणि लाकडातल्या रेषा जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिल्या गेल्या, ओळख पटली, आणि २०१५ साली लिलावात तिला २४ लाख १० हजार डॉलर आले.

ह्या गोष्टीवरून दोन धडे मिळतात. पहिला असा की, ओळख पुराव्याने पटते. अनुक्रमांक खोटा घालता येईल, पण लाकडाच्या रेषा माणसाच्या बोटांच्या ठशांसारख्या असतात. एका फळीच्या रेषा दुसरीत हुबेहूब उतरत नाहीत. दुसरा धडा असा की, १७५ डॉलरच्या वस्तूचे २४ लाख झाले ते वाजवणाऱ्याच्या नावामुळे. ती फळी रंधणाऱ्याचे, गळा जोडणाऱ्याचे नाव त्या हिशेबात कोठेच नाही.

त्याच कारखान्याची आणखी एक हकीकत आहे. दुसऱ्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले, तेव्हा कॅलामझूच्या कारखान्यात बायका कामाला लागल्या. युद्धकाळात गिटारींचे काम जवळजवळ थांबले होते, असाच समज कंपनीने रूढ केला होता. पुढे कारखान्यासमोर उभ्या असलेल्या स्त्री-कामगारांच्या एका जुन्या छायाचित्रावरून एका अभ्यासकाने शोध घेतला, आणि त्या बायकांनी सुमारे २५,००० गिटारी केल्या होत्या असे २०१२ साली पुस्तक लिहून दाखवून दिले. आज त्या गिटारींना संग्राहक चढी किंमत देतात. वस्तू जपली गेली. ती घडवणाऱ्या बायकांची नावे मात्र सत्तर वर्षांनी शोधावी लागली.

आता आपल्या मुलखाकडे वळू. महाराष्ट्रात वाद्यांचे गाव म्हणजे मिरज. तेथे पटवर्धनांचे संस्थान होते. तलवारी-भाल्यांना धार लावणारी शिकलगारांची घराणी तेथे नांदत होती. १८१८ साली पेशवाई बुडाली, फौजा मोडल्या आणि हत्यारांची मागणी ओसरली. १८७८ च्या शस्त्रकायद्याने उरलासुरला धंदाही आवळला. अशा काळात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, ह्याच जमातीतले फरीदसाहेब आणि मोहिद्दीन हे बंधू वाद्यांच्या दुरुस्तीकडे वळले आणि दुरुस्तीतून नवे वाद्य घडवू लागले. पुढे त्यांच्या वंशजांचे आडनावच 'सतारमेकर' झाले. गिरणी बंद पडली म्हणजे विणकराचे काय होते ते आम्ही पाहिले आहे. म्हणून एक धंदा बुडताना दुसरा उभा करणाऱ्या ह्या माणसांबद्दल आम्हाला विशेष आदर वाटतो.

त्यांना काळाने साथही दिली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत राहून शिकवीत. विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्यापाशी तेथेच शिकले. १८८० साली किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकांची लाट उठली. १९०१ साली पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, आणि गाणे दरबारातून शाळेत आले. शाळा म्हटली की तंबोरे आलेच. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. १९३७ साली ते वारले तेव्हा त्यांना मिरजेतच दफन केले. गवई आणि कारागीर एकाच गावात, हाकेच्या अंतरावर राहत असल्यामुळे गवयाच्या कानाची तक्रार त्याच दिवशी कारागिराच्या कानशीपर्यंत पोचत असे. मिरजेच्या तंबोऱ्याचा लौकिक ह्या शेजारातून झाला.

अशा तंबोऱ्याची पारख कशी करावी? गिटारीवर असतो तसा अनुक्रमांक आणि कंपनीची वही येथे नाही. म्हणून वस्तूलाच बोलते करावे लागते.

आधी चिठ्ठी पाहावी. दुकानाचा कागद वाद्यावर चिकटवलेला असेल तर त्यावरचा पत्ता वाचावा. पत्त्यात 'मिरज संस्थान' असेल तर तो कागद १९४८ च्या आधीचा, कारण त्या वर्षी संस्थान विलीन झाले. 'जिल्हा दक्षिण सातारा' असेल तर १९४९ ते १९६० मधला. १९६० च्या नोव्हेंबरात त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. सहा आकड्यांचा पिन कोड असेल तर १९७२ च्या ऑगस्टनंतरचा. मात्र चिठ्ठी म्हणजे साक्षीदार. तिलाच न्यायाधीश समजू नये. छापून ठेवलेले जुने कागद दुकानदार पुढे अनेक वर्षे वापरतो, आणि दुरुस्ती करणाराही आपली चिठ्ठी डकवतो.

दुसरे, साहित्य पाहावे. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, भीमेकाठच्या रानातला. तो वेलावर मोठा होईपर्यंत जपायचा, मग कित्येक महिने वाळवायचा. दांडी आणि तबली तूण नावाच्या झाडाच्या तांबूस, हलक्या लाकडाची. जुने सांधे सरसाने जोडलेले असतात आणि पॉलिश लाखेचे असते. सांध्यातून फेविकॉलसारखा पांढरा गोंद डोकावत असेल तर तो सांधा १९५९ च्या आधीचा नव्हे, कारण फेविकॉल बाजारात आलाच त्या वर्षी. पांढरी नक्षी हाडाची, हस्तिदंताची की सेल्युलॉइडची हे पाहावे. सेल्युलॉइडचा शोध १८७० सालचा; तेव्हा 'हा तंबोरा पेशवाईतला' असे सांगून कोणी सेल्युलॉइडच्या वेलपत्तीचे वाद्य पुढे केले, तर एकतर नक्षी नंतरची किंवा बतावणी आजची.

तिसरे, दुरुस्तीच्या खुणा. भोपळ्याला आतून लावलेली ठिगळे, बदललेल्या खुंट्या, नवीन रंगाखाली झाकलेली भेग. खुंट्या बदलल्या म्हणून वाद्य बाद होत नाही. चार तारा रोज ताणल्या-सोडल्या की खुंटी झिजणारच. पण गळ्याचा सांधा हललेला असेल किंवा तबली खाली बसली असेल तर किंमत निम्म्याने उतरते, असे समजून चालावे.

चौथी आणि खरी परीक्षा जवारीची. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा सपाट दिसतो, पण त्याला कानशीने घासून अगदी सूक्ष्म उतार दिलेला असतो. तार त्या उतारावर हलकेच घासत राहते, म्हणून एका तारेतून अनेक स्वर फुटतात. मग तारेखाली सुताचा एक बारीक धागा सरकवून तो गुंजारव नेमक्या जागी आणायचा. आपल्या जिल्ह्यात गाड्या भरभरून पिकणाऱ्या कापसाचे ह्याहून नाजूक काम दुसरे नसेल! घोडी वापराने झिजते आणि जवारी पुन्हा काढावी लागते. त्यामुळे जुन्या तंबोऱ्याचा आजचा आवाज मूळ कारागिराचा असतो, तसाच मागाहून जवारी काढणाऱ्या चार-पाच हातांचाही असतो.

आता किंमत. 'हा तंबोरा अमक्या बुवांचा' असे घरात सांगतात. श्रद्धेला आमचा विरोध नाही. पण भाव वाढवायचा असेल तर पत्र, पावती किंवा छायाचित्र हवे, आणि छायाचित्रातली नक्षी व लाकडाच्या रेषा समोरच्या वाद्याशी जुळायला हव्यात. लेननच्या गिटारीला जो न्याय, तोच आपल्या तंबोऱ्याला. कायद्याचेही भान ठेवावे. शंभर वर्षे पुरी झालेली कलाकारागिरीची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते. अशी वस्तू कोणाही खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. हस्तिदंत आणि सांबरशिंग यांचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. घोडी किंवा नक्षी त्यांची असेल तर विक्रीचा विचार करण्यापूर्वी वनखात्यात चौकशी करावी.

हे सारे गिऱ्हाइकाच्या फायद्याचे झाले. कामगाराचा प्रश्न अजून उरतोच. चिठ्ठीवर नाव दुकानाचे असते. भोपळा पिकवणारा शेतकरी, दांडी कोरणारा, नक्षी भरणारा, पॉलिश करणारा, जवारी काढणारा, ह्यांपैकी कितीजणांची नावे वाद्यावर सापडतात? १९७९ च्या सुमारास बंगळूरला विजेवर चालणारी तंबोऱ्याची पेटी तयार झाली. आता तोच सूर मोबाइलमध्येही वाजतो. एकट्याने रियाज करणाऱ्या गरीब विद्यार्थ्याची त्यामुळे सोय झाली, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. यंत्राशी आमचे वैर नाही. पण कारागिराच्या पोटावर त्याचा ताण आला, हेही तितकेच खरे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ही चांगली गोष्ट झाली. परंतु मानांकन गावाच्या नावाचे रक्षण करते, माणसाचे नाव लिहून ठेवीत नाही.

कॅलामझूचा कारखाना कंपनीने १९८४ साली बंद केला. तेव्हा तेथल्याच काही जुन्या माणसांनी दुसऱ्या वर्षी, त्याच इमारतीत, स्वतःच्या हिंमतीवर पुन्हा गिटारी घडवायला सुरुवात केली. आपल्या हातांची किंमत त्यांनी लिलाववाल्याला ठरवू दिली नाही.

यवतमाळ, वणी, पुसद, दिग्रस, दारव्हा येथल्या जुन्या घरांत आणि भजनी मंडळांत एखादा तंबोरा, एखादी वीणा कोपऱ्यात उभी असेल. आमची विनंती आहे की फिरत्या व्यापाऱ्याच्या हाती ती देण्याआधी एवढे करा. चिठ्ठी खरवडू नका. नवा रंग देऊ नका. तारा उतरवून ठेवा. चारी बाजूंनी छायाचित्रे घ्या. वाद्य कोणी, केव्हा आणि किती रुपयांना आणले, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून एका वहीत लिहा. दुरुस्तीला दिलेत तर दुकानाच्या पावतीवर थांबू नका. जवारी कोणी काढली ते विचारा आणि त्या माणसाचे नाव, तारखेसह, त्याच वहीत घाला. वहीची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवली तर उत्तमच. ह्याला खर्च येतो एका वहीचा. इतके झाले की पुढच्या पिढीला वाद्याची पारख करताना कारागिराचे नाव शोधत सत्तर वर्षे थांबावे लागणार नाही.