तळटीप : साउंड चेक
साउंड चेक : मिरवणुकीत दोन डीजे समोरासमोर आले की वाजवायचा कडक इलेक्ट्रॉनिक ट्रॅक. गणेशोत्सव, जयंत्या आणि वरातींत सुपे-बारामतीपासून पार सांगली-कोल्हापूरपर्यंत तरुण पोरे त्यावर जीव टाकतात. आधी सायरन, मग दरडावणारा डायलॉग, क्षणभर शांतता. आणि बेस असा कोसळतो की रस्त्याकडेच्या घरांत मांडणीवरची भांडी थरथरतात. मध्येच हलगी कडाडते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नेदरलँड्समधल्या रॉटरडॅममध्ये वाढलेले गॅबर हे याचे दूरचे भावंड : सुसाट ठेका आणि मुद्दाम फाडलेला किक ड्रम. ते क्लबांत आणि रेव्ह पार्ट्यांत वाजले, हे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर वाजते. असे ट्रॅक पुष्कळदा गावाकडचीच मुले घरच्या संगणकावर, एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये बांधतात. त्यांना संगीतकार न म्हणणे अन्यायाचे आहे. म्हाताऱ्यांची आणि तान्ह्या लेकरांच्या आयांची तक्रारही तितकीच खरी. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, सणांच्या मोजक्या दिवशी १२ पर्यंत सवलत. अशा मिरवणुकीत पोलीस डीजेचा जनरेटर बंद करायला लावतात ते याच नियमाने. — संपा.