परशुरामाने फेकले तरी काय?

पुण्यात कुऱ्हाडफेकीचा पहिला धडा घेताना शिकवणाऱ्या मुलाने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली : "सर, जोर लावू नका, अंतर सांभाळा." या खेळाचे सगळे मर्म त्यात आहे. फळ्यांच्या लक्ष्यापासून साधारण बारा फुटांवर उभे राहायचे, दांडा दोन्ही हातांनी डोक्यामागे न्यायचा आणि हात समोर येताच सोडून द्यायचा. मनगट झटकायचे नाही. कुऱ्हाड हवेत एक पुरी गिरकी घेते आणि पाते लाकडात रुतते. गिरकी जास्त झाली तर अर्धे पाऊल पुढे सरकायचे, अपुरी पडली तर मागे. फेकणारा उंच असो की ठेंगणा, आपल्या कुऱ्हाडीचे अंतर त्याला पावलांनी शोधावे लागते.

खेळाची अलीकडची वंशावळ सरळ आहे. फ्रँक योद्ध्यांची फेकायची कुऱ्हाड 'फ्रान्सिस्का' प्रसिद्धच आहे. उत्तर अमेरिकेतल्या लाकूडतोड्यांच्या स्पर्धांत ही फेक टिकून राहिली. २००६ साली टोरांटोत मॅट विल्सन यांनी परसात मित्र जमवून लीग सुरू केली आणि तिथून हा खेळ जगभरच्या शहरांत शिरला. एवढे पुरे, कारण मला ओढ लागली ती वेगळ्याच फेकीची.

कुऱ्हाड आणि अंतर म्हटले की आपल्याकडे परशुराम आठवणारच. त्याने समुद्र मागे हटवला आणि कोकण वसवले, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण नीट आठवून पाहा. कोकणातल्या कथेत परशुराम परशू फेकतच नाही, तो बाण मारतो. जर्सन द कुन्हा यांनी १८७७ साली मुंबईत छापलेल्या 'सह्याद्रिखंडा'त बाणच आहे. गोव्यातल्या बाणावलीचे नाव लोक त्याच बाणाशी जोडतात. केरळात मात्र कुऱ्हाड आहे. तिथल्या 'केरळोत्पत्ती'च्या परंपरेत गोकर्ण ते कन्याकुमारीची भूमी परशूच्या एका फेकीतून वर आली. देव एक, समुद्र एक, किनाराही सलग. मग हत्यार का बदलले?

कालिदास दोघांच्याही आधीचा. 'रघुवंशा'च्या चौथ्या सर्गात रघूचे सैन्य सह्याद्रीपाशी येते तेव्हा तो म्हणतो की रामाच्या, म्हणजे परशुरामाच्या, अस्त्राने समुद्र दूर सारला होता. बाण नाही, परशूही नाही : अस्त्र. हातात धरून चालवायचे ते शस्त्र आणि सोडायचे ते अस्त्र, हा भेद धरला तर कालिदासाला फेक ठाऊक आहे. काय फेकले ते तो उघड करत नाही. पुढे दोन्ही प्रदेशांनी ती रिकामी जागा आपापल्या परीने भरली.

ती कशी भरली, याचा धागा मला मनुस्मृतीत सापडला. आठव्या अध्यायातला २३७वा श्लोक गावाभोवती गुरांसाठी किती जमीन मोकळी सोडावी ते सांगतो : शंभर धनुष्ये, किंवा शम्येच्या तीन फेकी, नगराभोवती याच्या तिप्पट. शम्या म्हणजे जुवाची खुंटी, साधारण दीड हात लांबीची. वैदिक कर्मकांडातही ती मोजमापाला येते. सरस्वतीच्या काठाने उगमाकडे जाणाऱ्या सत्रात शम्या फेकायची, ती पडेल तिथे पुढचा अग्नी मांडायचा, तिथून पुन्हा फेकायची. ही फेक युद्धातली नाही. ती पायाखालची भूमी आपलीशी करत जाते. आता दोन कथा या श्लोकाशेजारी ठेवा. एका किनाऱ्याने धनुष्य घेतले, दुसऱ्याने फेक.

माझे म्हणणे असे की परशुरामाची कथा ही जमीन मोजून हक्क सांगण्याच्या रीतीचीच अतिशय मोठी केलेली आवृत्ती आहे.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. मनूचे धनुष्य ही बाणाची झेप नव्हे, ती चार हातांची लांबी. मला हा आक्षेप घातक वाटत नाही. लोककथा मापाचे कोष्टक पाठ करत नाही, ती मापाची वस्तू उचलते आणि नायकाच्या हाती देते. दुसरे मत जास्त प्रचलित आहे : कुऱ्हाड म्हणजे जंगलतोड, वसाहतीसाठी रान साफ केल्याची आठवण. यातून कुऱ्हाड समजते, फेक समजत नाही. रान तोडणारा कुऱ्हाड हातातून सोडत नाही, आणि कथेचा सगळा भर सोडण्यावर आहे. तिसरे मत समुद्र खरोखर मागे हटल्याचे. मग तो हटवायला हत्यार कशाला लागले असते? भूगर्भातली घडामोड हत्यार निवडत नाही, माणसे निवडतात.

फेकीने मोजण्याची सवय आपल्या अंगणातही आहे. विटीदांडूत विटी लांब उडवली की अंतर दांडूने मोजायचे : वकट, लेंड, मूंड, नाल. हे आकडे मराठी नाहीत. ते तेलुगूतल्या ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु यांचे भाऊबंद आहेत. म्हणजे उडवणे आणि मोजणे ही जोडी दक्षिणेशी देवाणघेवाण करतच आपल्या पोरांच्या तोंडी बसली. किनाऱ्यावरच्या कथेतही तशीच देवाणघेवाण झाली असणार, असे मी धरून चालतो.

सर्वांत अवघड साक्ष पुण्यातच आहे. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ एवढा काळ खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्या शांतिपर्वात कश्यप परशुरामाला दक्षिण समुद्राकाठी जायला सांगतो आणि समुद्र त्याच्या धाकाने शूर्पारक, म्हणजे आजचे नालासोपारा, स्वतःहून निर्माण करून देतो. तिथे बाण नाही, परशू नाही, फेकही नाही. माझ्या सिद्धांताला हा धक्का आहे असे वाटेल, पण मला उलट दिसते. परशू त्याच्या हाती होताच, भूमीही मिळालेली होती. सीमा मात्र ठरलेली नव्हती. किनाऱ्यावर गावे वसली, शिवा आखल्या जाऊ लागल्या, आपली हद्द कुठवर हे सांगायची वेळ आली, तेव्हाच या कथेत फेक शिरली. म्हणून तर दोन्ही कथांत अंतर पक्के लागते : केरळाची फेक गोकर्णापासून कन्याकुमारीपर्यंत जाते, आणि गोव्याचा बाण बाणावलीलाच पडतो.