चिडखोर हृदय

मध्यरात्री दचकून जाग येते. छाती धडधडत असते, श्वास पुरत नाही, आता काही आपण वाचत नाही असे वाटते. थोड्या वेळाने सारे शांत होते. सकाळी डॉक्टर तपासतात, तर हृदय ठणठणीत! मग बिघडले होते काय? या प्रश्नाचा माग थेट एका युद्धापर्यंत जातो.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले. फिलाडेल्फियाच्या लष्करी रुग्णालयात जेकब दा कोस्टा यांच्याकडे वेगळेच सैनिक येऊ लागले. अनेकांना जखम नव्हती, पण चालताना धाप लागे, छातीत दुखे, चक्कर येई. धडधड श्रमांनी उसळेच, पण काहींना ती अंथरुणातही गाठी. कित्येकांना आधी ताप किंवा जुलाब होऊन गेलेले. लढाई टाळण्याचे हे सोंग तर नव्हे, अशी शंका लष्करात येणारच. दा कोस्टांनी मात्र नाडी मोजली. आडवे असताना आणि उभे राहिल्यावर ठोक्यांत फार मोठा फरक पडे. तक्रारीचे सोंग आणता येते, नाडीचे कसे आणणार? ३००हून अधिक रुग्ण पाहून १८७१ साली त्यांनी निबंध लिहिला आणि या विकाराला 'चिडखोर हृदय' म्हटले. अतिश्रमाने हृदयाचे मज्जातंतू बिघडतात, असे त्यांना वाटे.

पहिल्या महायुद्धात हेच दुखणे हजारो ब्रिटिश सैनिकांत दिसले. टॉमस लुईस यांनी १९१८ मध्ये नावावरच बोट ठेवले. 'सैनिकाचे हृदय' असे म्हटले की रोगी हृदयविकाराच्या धास्तीनेच खचतो! त्यांनी रुग्णांना अंथरुणातून उठवून हळूहळू वाढत जाणारी कवायत दिली. पुढे १९४१ साली पॉल वुड यांनी या लक्षणांचे मूळ भीतीत आहे असे मांडले. भीतीने ॲड्रिनॅलिन स्रवते, नाडी आणि श्वास वाढतात, हे वॉल्टर कॅनन यांच्या प्रयोगांमुळे तोवर माहीत झाले होते. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत 'पॅनिक डिसऑर्डर' हे नाव आले. दा कोस्टांच्या सगळ्याच रुग्णांना ते चिकटवणे मात्र बरोबर नाही. तापातून उठलेला माणूसही धापा टाकतो.

असा झटका झोपेतही येतो, आणि बहुधा स्वप्न नसलेल्या झोपेत. म्हणजे वाईट स्वप्नाला दोष देता येत नाही. पण हृदय खरोखर दुबळे असेल, तर आडवे झाल्यावर फुप्फुसांत पाणी साठूनही अशीच जाग येते. तेव्हा उठून बसल्यावर आराम पडतो आणि पायांवर बहुधा सूज असते. म्हणून पहिल्या झटक्यानंतर डॉक्टरांकडून छाती तपासून घ्यावीच लागते.