भादलीचा एक उमेदवारी अर्ज

खानदेशचा इतिहास लिहावयास बसलेला मनुष्य फारुकी सुलतानांपासून आरंभ करतो आणि १९३६ च्या फैजपूर काँग्रेसपाशी येऊन लेखणी खाली ठेवतो. ग्रामपंचायतीचे दप्तर उघडून पाहावे असे त्यास वाटत नाही.

भडगावावरून वाहणारी गिरणा पुढे ज्या जळगाव तालुक्यात शिरते, तेथील भादली बुद्रुक गावी २०२० च्या डिसेंबरात अंजली पाटील यांनी पंचायतीच्या निवडणुकीसाठी अर्ज भरला. प्रभाग स्त्रियांसाठी राखीव होता. अंजलीबाई तृतीयपंथी. न्यायालयाच्या कागदांत त्यांच्या नावापुढे पित्याचे नाव नाही. त्या समाजाच्या रीतीस अनुसरून गुरूचे आहे : अंजली गुरु संजना जान. त्या स्वतःस स्त्री म्हणवीत. तथापि छाननीत अर्ज नामंजूर झाला. कारण काय, तर पंचायतीच्या निवडणुकीत तृतीयपंथीयांचा निराळा वर्गच नाही! ज्यास रकाना नाही तो मनुष्यच नाही, असा हा दप्तरी न्याय.

राखीव जागा आल्या त्या स्त्रियांस दार उघडण्यासाठी. १९९३ पासून पंचायतींत एकतृतीयांश व २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा त्यांच्या झाल्या. त्याच दाराचा अडसर होऊ शकतो, हे मध्य प्रदेशाने पूर्वीच दाखविले होते. कटनीच्या नागरिकांनी कमला जान यांस महापौर निवडले. परंतु ते पद स्त्रियांसाठी राखीव आणि कमला जान पुरुष, असे ठरवून २००३ साली तेथील उच्च न्यायालयाने ती निवड टिकू दिली नाही.

मधल्या काळात पारडे फिरले होते. आपले लिंग आपण ठरविण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी मान्य केला आणि २०१९ च्या कायद्यातही तो आला. त्यांच्याच आधारे औरंगाबाद खंडपीठाचे न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी २ जानेवारी २०२१ रोजी अंजलीबाईंस स्त्री म्हणून लढण्याची मुभा दिली. मात्र, यापुढे केवळ संधिसाधूपणाने आपण पुरुष म्हणविणार नाही, अशी हमी त्यांच्याकडून घेण्यात आली. निर्णय उदार खरा. पण ही हमी आम्हांस खुपते. पक्ष बदलणाऱ्या उमेदवारांकडून कोणी असे वचन घेतल्याचे ऐकिवात नाही! राखीव जागेचा गैरवापर होईल ही न्यायालयाची भीती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु तिचा भार एकट्या याचिकाकर्तीनेच का वाहावा?

असो. १५ जानेवारीस मतदान झाले. तेराचौदा दिवसांपूर्वीपर्यंत ज्या नावास मतपत्रिकेवर जागा नव्हती, त्या नावापुढे भादलीकरांनी मते दिली. अठरा तारखेस मोजणी झाली आणि अंजली पाटील पंचायतीवर निवडून आल्या.