डोंगराने दिलेली नोटीस



ज्वालामुखी म्हटले की एकाएकी कोसळलेले संकट, ज्याचा दोष कोणालाच देता येत नाही असे संकट, आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. आमचे आयुष्य कामगार चळवळीत गेले. संपाला जाण्यापूर्वी नोटीस द्यावी, ही आमची रीत. आज ज्या डोंगराची हकीकत सांगावयाची आहे, त्यानेही नोटीस दिली होती. एकदा नव्हे, अनेकदा.

वेस्ट इंडीजमधील मार्टिनिक हे फ्रेंचांचे बेट. पेले पर्वताच्या पायथ्याशी, समुद्राच्या काठी, सेंट पियेर शहर वसले होते. साखर आणि रम यांच्या व्यापारावर ते इतके भरभराटले की लोक त्यास वेस्ट इंडीजचे पॅरिस म्हणत. ही साखर पिकविणारे कोण? १८४८ पर्यंत गुलाम. गुलामगिरी गेल्यावर, १८५३ पासून, मळ्यांवर आपल्या देशातूनही करारबद्ध मजूर नेण्यात आले. पाँडिचेरी आणि कारिकल या फ्रेंच बंदरांतून त्यांची जहाजे सुटत.

१९०२ च्या एप्रिलमध्ये डोंगर धुमसू लागला. गंधकाचा वास सुटला. मे उजाडताच रस्त्यांवर, छपरांवर राख साचली. राखेने कुरणे झाकली आणि जनावरे मरू लागली. ५ मे रोजी विवरातील तळ्याचा काठ फुटला, उकळत्या चिखलाचा लोंढा ब्लांश नदीच्या पात्रातून खाली आला आणि मुखाशी असलेला गेरँ यांचा साखर कारखाना कामगारांसह गाडला गेला. पहिले बळी कारखान्यातले पडले, हे ध्यानात ठेवावे.

आता शहर सोडावयाचे की नाही? ११ मे रोजी निवडणुकीची दुसरी फेरी होती. ‘ले कोलोनी’ हे स्थानिक वर्तमानपत्र लोकांना धीर देत होते. गव्हर्नरने समिती नेमली. तीत गास्तों लांद हे शास्त्र शिकविणारे अध्यापकही होते. डोंगर आणि शहर यांच्यामध्ये दऱ्या आहेत, लाव्हा तेथेच अडेल, म्हणून शहरास धोका नाही, असा निर्वाळा समितीने ७ मे रोजी दिला. गव्हर्नर स्वतः पत्नीसह शहरात येऊन राहिला.

लोकांनी बाहेर पडू नये म्हणून वाटांवर लष्कर बसविले होते, अशी एक कथा पुढे पसरली. तिला भक्कम पुरावा नाही, आणि आम्हांस तिची गरजही वाटत नाही. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्यास अडविण्यास शिपाई कशाला हवा? तो कोणाच्या भरवशावर आणि कोठे जाणार? काही लोक गेले खरे. परंतु आसपासच्या खेड्यांतून घरदार सोडून आलेले लोक उलट शहरातच शिरले, कारण शहर सुरक्षित आहे असे त्यांस सांगितले गेले होते.

८ मे हा ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा सण. सकाळी आठच्या सुमारास पर्वताची कूस फुटली. लाव्हा आला नाही. तप्त वायू, राख आणि दगड यांचा काळा ढग जमिनीलगत धावत आला आणि एकदोन मिनिटांत शहरावरून गेला. दऱ्यांनी त्यास अडविले नाही. रमची कोठारे पेटली, बंदरातील जहाजे जळाली. सुमारे अठ्ठावीस हजार माणसे मेली. शहरातून वाचलेले बोटांवर मोजण्याइतके: त्यांत एक मोची होता आणि दुसरा, जाड दगडी भिंतींच्या कोठडीत डांबलेला, सिल्बारिस नावाचा कैदी. शहराने ज्यास कोंडले, तोच जगला!

गव्हर्नर मेला, लांदही मेले. तेव्हा त्यांस नुसते खलनायक ठरवून मोकळे होणे न्यायाचे नाही. असा ढग शास्त्रास तेव्हा नीटसा ठाऊक नव्हता. आल्फ्रेद लाक्रवा यांनी या घटनेचा अभ्यास केल्यावर ‘धगधगता ढग’ या अर्थाचे त्याचे फ्रेंच नाव रूढ झाले. आमचा आक्षेप अज्ञानावर नाही. अज्ञान असता ‘धोका नाही’ असे ठामपणे सांगण्यावर आहे. ठाऊक नाही, एवढे कबूल केले असते, तरी लोकांनी आपापला विचार केला असता.

यंत्राचा आवाज बदलला की तो प्रथम त्यावर काम करणारास कळतो, हे आम्ही कारखान्यांत वारंवार पाहिले आहे. वर कळविले की उत्तर येते, ‘काम चालू द्या.’ ते उत्तर ऐकले की आम्हांस सेंट पियेर आठवते.

१९२९ मध्ये पेले पुन्हा जागा झाला. या वेळी लोकांना वेळीच हलविण्यात आले आणि शहराचे स्मशान झाले नाही. डोंगर तोच होता. बदलली होती ती माणसे; त्यांनी नोटीस वाचली.