बाराखडी

देवनागरीतील एका व्यंजनाला बारा स्वरचिन्हे क्रमाने जोडून होणारी अक्षरमालिका आणि ती शिकवण्याची पद्धत (→ देवनागरी लिपी, वर्णमाला).

‘द्वादशाक्षरी’ या संस्कृत शब्दापासून हे नाव आले. पंतोजींच्या शाळेत मूल धूळपाटीवर बोटाने वा काडीने अक्षरे गिरवीत असे. आरंभ ‘ॐ नमः सिद्धम्’ने होई, त्यावरूनच ‘ओनामा’ हा शब्द रूढ झाला (→ पंतोजी, मोडी लिपी).

क, का, कि, की, कु, कू, के, कै, को, कौ, कं, कः असा क्रम असतो. ‘क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि’ अशा घोकंपट्टीत चिन्हाचे नाव, आकार व उच्चार एकदमच तोंडी बसतात. पद्धतीचे खरे बळ यातच आहे : एका अक्षराची रीत कळली की ती बाकीच्या व्यंजनांना लावता येते. अडचण मुख्यतः पहिल्या वेलांटीची. ‘कि’मध्ये इकार उच्चारात नंतर येतो, पण लिहिताना क च्या डावीकडे, त्यामुळे अक्षरे डावीकडून सुटी-सुटी वाचणारे मूल तिथे अडखळते. ‘रु’ व ‘रू’ यांतील उकार खाली न येता र च्या मध्यावर जोडला जातो. जोडाक्षरे बाराखडीत येत नाहीत, ती वेगळी शिकवावी लागतात (→ जोडाक्षर).

‘बॅट’, ‘डॉक्टर’ यांसारख्या शब्दांतील स्वरांसाठी महाराष्ट्र शासनाच्या 2009 च्या निर्णयाने ॲ व ऑ वर्णमालेत घेतले. त्यांच्यासह होणाऱ्या मालिकेस ‘चौदाखडी’ म्हणतात.

एखाद्या विषयाचे प्राथमिक ज्ञान या अर्थीही ‘बाराखडी’ हा शब्द वापरतात.